पराभवानंतरचा मलिक अंबर

आपल्या संस्थेच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहून द्यावे, असे मला सांगण्यात आले, तेव्हा पहिला प्रश्न पडला तो हा की, थोर म्हणावे कोणाला? समारंभातून आपण पूर्वजांच्या विजयांची यादी नेहमी ऐकतो आणि टाळ्या वाजवतो. परंतु त्याच सभागृहात मागच्या बाकावर नापास झालेला एखादा मुलगाही बसलेला असतो. या यादीशी आपला काही संबंध नाही, असे त्याला वाटत असते. वाचकहो, हा लेख विशेषेकरून त्या मुलासाठी आणि त्याच्या आईवडिलांसाठी लिहिला आहे.

या लेखाला निमित्त झाले ते मधल्या सुट्टीतील एका वादाचे. जगप्रसिद्ध मुष्टियोद्धा मुहम्मद अली याच्यावरून दोन मुलांची जुंपली होती. एकाच्या मते अलीसारखा मुष्टियोद्धा झाला नाही. दुसऱ्याचे म्हणणे असे की, १९८० साली लॅरी होम्सने त्याला असा मार दिला की दहाव्या फेरीनंतर अलीच्याच बाजूने लढत थांबवावी लागली. पुढच्या वर्षी ट्रेव्हर बर्बिकनेही त्याला हरवले. मग तो श्रेष्ठ कसा? दोघेही निवाड्यासाठी माझ्याकडे आले. मी तेव्हा काहीच बोललो नाही. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यांना घेऊन भडकल दरवाजाखाली गेलो. हा भव्य दरवाजा मलिक अंबरने १६१२ साली मोगलांवरील विजयाची आठवण म्हणून बांधला, असे मी त्यांना सांगितले. पण या दरवाजानंतर चारच वर्षांनी मोगलांनी हे सारे गाव जाळले, हेही सांगितले. मुले दरवाजाकडे पाहतच राहिली. विजयाचा दरवाजा बांधला जातो, पराभवाचा कोणी बांधत नाही. म्हणून पराभव आपल्याला दिसत नाहीत आणि पराभूत माणसाने पुढे काय केले हेही कळत नाही.

आज ज्या शहरात आपण राहतो, त्या शहराला २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर हे नाव आहे. त्यापूर्वी साडेतीन शतकांहून अधिक काळ ते औरंगाबाद होते आणि त्याही आधी खडकी. या खडकीला राजधानीचे रूप देणाऱ्या पुरुषाची ही कथा आहे.

मलिक अंबरचा जन्म १५४८ च्या सुमारास हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. त्याचे मूळ नाव चापू. लहान वयातच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती सापडला. आपल्या घरातील आठ-दहा वर्षांचे लेकरू डोळ्यांसमोर आणा आणि ते बाजारात विकले जात आहे अशी कल्पना करा, म्हणजे या चरित्राचा आरंभ कोठून झाला ते कळेल. हातोहात विकला जात तो बगदादच्या मीर कासिम नावाच्या गृहस्थाकडे आला. या धन्याने मुलाची बुद्धी ओळखली, त्याला लिहावयास, वाचावयास व हिशेब ठेवावयास शिकविले आणि अंबर हे नाव दिले. पालकहो, येथे क्षणभर थांबावे. त्या मुलाजवळ ना घर होते, ना आईबाप, ना स्वतःचे नाव. जे हाती आले ते एवढेच, शिक्षण. आणि तेच पुढे जन्मभर त्याच्या कामी आले.

१५७० नंतरच्या काही वर्षांत तो दख्खनमध्ये आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. हा चंगेजखानही मूळचा हबशी गुलामच होता. राज्याचा कारभार, वसुली, फौजेची व्यवस्था, दरबारातील डावपेच हे सर्व अंबरने या धन्याच्या हाताखाली पाहिले. थोड्याच वर्षांत चंगेजखान मरण पावला आणि अंबर गुलामीतून मोकळा झाला. परंतु मोकळा झालेल्या माणसालाही पोट असते. त्याने विजापूर व गोवळकोंडा येथे चाकरी केली. मलिक हा किताब त्याला विजापुरात मिळाला असे म्हणतात. पुढे तेथेही मन रमेना, तेव्हा अवघे दीडशे घोडेस्वार घेऊन तो पुन्हा निजामशाहीत आला. त्या वेळी त्याचे वय पंचेचाळिशीच्या पुढे गेले होते. ज्या वयात आपण आता आपले काय व्हायचे ते होऊन गेले असे म्हणतो, त्या वयात मलिक अंबरचे खरे आयुष्य सुरू झाले.

पुढची कथा समजण्यासाठी प्रतिस्पर्धी कोण होता हे ध्यानात घेतले पाहिजे. त्या काळी उत्तरेत मोगलांची सत्ता होती. काबूलपासून बंगालपर्यंत पसरलेले राज्य, अपार खजिना, उत्तम तोफखाना आणि निवडक सेनापती, अशी ती शक्ती होती. १६०० साली चांदबीबी आपल्याच लोकांच्या हातून मारली गेली आणि अहमदनगरचा किल्ला अकबराच्या फौजेने घेतला. निजामशाही संपली असे सर्वांनी गृहीत धरले. अंबरने मात्र राजघराण्यातील एका तरुणाला परंड्याच्या किल्ल्यात मुर्तजा निजामशाह म्हणून गादीवर बसविले व त्याच्या नावाने लढाई चालू ठेवली.

आरंभीच त्याला मोठा फटका बसला. १६०२ च्या सुमारास नांदेडजवळ मोगल सुभेदार खानखानान अब्दुर्रहीम याचा मुलगा इरिज याने अंबरचा पराभव केला. अंबर जखमी होऊन मैदानात पडला. त्याच्या हबशी सोबत्यांनी त्याला उचलून नेले म्हणूनच तो वाचला. हा इरिज नीट लक्षात ठेवा, कारण तो पुन्हा भेटणार आहे.

जखमा भरल्यावर अंबरने एक गोष्ट जाणली. मोकळ्या मैदानात, तोफांसमोर, शत्रूच्या सोयीने लढणे हा आपला मार्ग नव्हे. दख्खनचे डोंगर, घाट आणि अरुंद वाटा आपल्या ओळखीच्या आहेत. हलक्या घोड्यांवर बसून विजेसारखे येणारे व तसेच नाहीसे होणारे मराठे स्वार आपल्याकडे आहेत. तेव्हा शत्रूला आत येऊ द्यावे, त्याची रसद तोडावी, रात्री छापे घालावेत आणि तो उपाशी व हैराण होऊन परतू लागला की पाठलाग करावा. या गनिमी काव्याच्या बळावर १६१० च्या सुमारास त्याने अहमदनगरचा किल्ला परत घेतला. पुढच्याच वर्षी गुजरातेतून नाशिकमार्गे दौलताबादेवर चालून आलेल्या अब्दुल्लाखानाची त्याने अशी दुर्दशा केली की, त्याला आल्या दिशेने माघारी पळावे लागले. याच काळात खडकीची उभारणी झाली.

हे विजय आपल्याला ठाऊक असतात. आता ठाऊक नसलेला भाग पाहू.

१६१५-१६ च्या सुमारास अंबरचे काही हबशी व मराठे सरदार त्याला सोडून मोगलांना जाऊन मिळाले. मोगलांनी पैसा पेरला होता हे खरे. पण अंबरचा कडक स्वभाव आणि सारी सत्ता आपल्या हाती ठेवण्याची त्याची रीत, यांमुळेही माणसे दुखावली होती. आपल्या थोर पुरुषाचे दोष लपवू नयेत. लपविले तर त्याचे गुणही खोटे वाटू लागतात. या फुटीर सरदारांना घेऊन मोगल सेनापती शाहनवाजखान पुढे सरकला. हा शाहनवाजखान म्हणजेच तो नांदेडचा इरिज. बादशहाने त्याला ही नवी पदवी दिली होती. १६१६ च्या फेब्रुवारीत जालन्याच्या बाजूला रोशनगाव येथे उघड्या मैदानावर लढाई झाली. जी चूक टाळायची असे अंबरने ठरविले होते, तीच त्याला करावी लागली. विजापूर व गोवळकोंड्याच्या फौजाही त्याच्या मदतीला होत्या, परंतु मोगल तोफखान्यापुढे व घोडदळाच्या धडकेपुढे सारे सैन्य उधळले. विजयी फौज खडकीत शिरली, तेथे मुक्काम करून तिने गाव जाळले आणि वाडे पाडले. सहा वर्षांची मेहनत राख झाली.

संकट एकटे येत नाही. १६१७ साली जहांगीरचा पुत्र खुर्रम मोठी फौज घेऊन बुऱ्हाणपूरला आला. दोस्त सुलतानांनी मान तुकविली. एकट्या अंबरला लढणे शक्य नव्हते. त्याने बालाघाटचा प्रदेश सोडला आणि अहमदनगरच्या किल्ल्याच्या किल्ल्या स्वाधीन केल्या. याच कामगिरीबद्दल खुर्रमला शाहजहान हा किताब मिळाला. तीन वर्षांनी अंबर पुन्हा उठला आणि थेट बुऱ्हाणपूरपर्यंत धडकला. मग १६२१ साली शाहजहान पुन्हा आला. निजामशहाला ऐनवेळी दौलताबादच्या किल्ल्यात हलविले म्हणून तो वाचला. खडकी मात्र दुसऱ्यांदा उद्ध्वस्त झाली. तहात पुन्हा मुलूख गेला आणि निजामशाही, आदिलशाही व कुतुबशाही मिळून पन्नास लाख रुपयांची खंडणी द्यावी लागली. त्यांपैकी अंबरच्या वाट्याला बारा लाख आले.

वाचकहो, हिशेब मांडून पाहा. नांदेड, रोशनगाव, १६१७ चा तह, १६२१ चा तह. राजधानी दोनदा जळालेली. माणूस सत्तरी ओलांडलेला. आपल्या त्या विद्यार्थ्याच्या न्यायाने निकाल दिला तर मलिक अंबर हा वारंवार हरलेला एक सरदार ठरतो. मोगल दरबारानेही तसाच निकाल दिला होता. जहांगीरचा चित्रकार अबुल हसन याने एक चित्र काढले. त्यात बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या मस्तकावर बाण मारीत आहे. आज ते चित्र आयर्लंडमध्ये डब्लिनच्या एका ग्रंथालयात आहे. चित्र सुरेख आहे, पण ते खरे नाही. अंबर जहांगीरच्या हाती कधीही जिवंत अथवा मृत सापडला नाही. ज्याला मैदानात धरता आले नाही, त्याला बादशहाने कागदावर मारले. ज्याचा पूर्ण पराभव झाला आहे, त्याच्यावर असा राग कोणी धरीत नाही.

आता पराभवानंतर अंबरने काय केले ते पाहू. माझ्या मते त्याच्या थोरवीचे खरे माप येथेच आहे.

पहिली गोष्ट ही की, हरलो हे त्याने मान्य केले. उगाच ताठा धरून उरलेली माणसे मारविली नाहीत. किल्ल्या द्यावयाच्या त्या दिल्या, खंडणी कबूल केली आणि राज्य जिवंत ठेवले. हरल्याचे कबूल करणे आणि हार पत्करणे यांत फरक आहे.

दुसरी गोष्ट, त्याने लढाईइतकेच लक्ष जमिनीकडे दिले. सततच्या फौजांनी मुलूख उजाड झाला होता. वसुलीचा मक्ता देण्याची पद्धत त्याने मोडली, कारण मक्तेदार शेतकऱ्याला पिळून काढीत. जमिनीची पाहणी करून, तिचा कस बघून, पिकाच्या मानाने सारा ठरविण्याची रीत त्याने घातली. गावचे पाटील व कुलकर्णी यांना पुन्हा कामाला जोडले. बगदादेत हिशेब शिकलेला तो मुलगा येथे उपयोगी पडला. ही पद्धत मलिकंबरी धारा या नावाने त्याच्यामागेही मराठी मुलखात ओळखली जात होती. शिवकाळात पुणे प्रांताची घडी बसविताना तिचाच आधार घेतला गेला, असे इतिहासकार मानतात.

तिसरी गोष्ट, पाणी. खडकी हे नावच सांगते की, हा प्रदेश खडकाळ. अंबरने उत्तरेकडील डोंगरातील झरे व जमिनीच्या पोटातील पाणी गोळा करून ते जमिनीखालच्या बांधीव नळांतून नुसत्या उताराच्या बळावर गावात आणले. पाण्याचा जोर सांभाळण्यासाठी व हवा खेळती राहण्यासाठी ठिकठिकाणी मनोरे आणि तपासणीसाठी झडपा ठेवल्या. हीच नहर-ए-अंबरी. वरचे वाडे जळाले, पण जमिनीखालची ही नहर शतकानुशतके शहराला पाणी देत राहिली. आज आपले पाणी पैठणच्या जायकवाडीहून पंपांनी वर चढवून येते. नळाला कित्येक दिवसांनी पाणी येते तेव्हा आपण त्रासतो. त्या वेळी या माणसाची आठवण करण्यासारखी आहे.

चौथी गोष्ट, तो पुन्हा आपल्या पद्धतीकडे वळला. १६२४ साली मोगल आणि विजापूरकर एक होऊन त्याच्यावर चालून आले. अंबर त्या वेळी पंचाहत्तरीत होता. अहमदनगरजवळ भातवडी येथे त्याने तलावाचा बांध फोडला. शत्रूच्या वाटा चिखलाने भरल्या, तोफा रुतल्या, रसद तुटली, रात्रीचे छापे सुरू झाले. अखेर दोन्ही फौजांचा पूर्ण मोड झाला. विजापूरचा सेनापती मुल्ला मुहम्मद लारी मारला गेला. या लढाईत शिवाजी महाराजांचे वडील शहाजीराजे अंबरच्या बाजूने लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी यांनी तेथेच देह ठेवला. पुढे कवींद्र परमानंदांनी शिवभारतात या लढाईचे वर्णन करताना अंबरचा उल्लेख आदराने केला. ज्यांना इतिहासात केवळ धर्माधर्मांचे भांडण दिसते, त्यांनी भातवडीचे मैदान आठवावे. दोन्ही बाजूंस मुसलमान होते आणि दोन्ही बाजूंस मराठेही होते.

काळाची गंमत अशी की, ज्या शाहजहानने खडकीचा नाश केला, तोच पुढे बापाविरुद्ध बंड करून पराभूत झाला, दख्खनमध्ये आला आणि त्याने अंबरचीच मदत घेतली.

१६२६ च्या मे महिन्यात, ऐंशीच्या घरात असताना, मलिक अंबरचे निधन झाले. खुलताबादेत त्याची कबर आहे. ज्या मोगल दरबारात त्याला शिव्याशाप दिले जात, त्याच दरबारातील इतिहासकार मुतमदखान याने त्याच्या मृत्यूची नोंद करताना युद्ध, कारभार आणि निर्णयशक्ती यांत त्याच्या तोडीचा दुसरा नव्हता, अशा आशयाची कबुली दिली. प्रतिस्पर्ध्याने मागाहून दिलेली अशी कबुली ही कोणत्याही पदकाहून मोठी.

तरीही त्याला सर्व काही साधले असे म्हणता येणार नाही. राज्याचा सारा भार त्याने एकट्याने उचलला आणि तो उचलणारा दुसरा माणूस तयार केला नाही. त्याचा मुलगा फतेहखान त्या तोलाचा निघाला नाही. १६३३ साली दौलताबाद पडले आणि १६३६ साली निजामशाही संपली. ही त्याची खरी हार होय आणि ती रोशनगावापेक्षा मोठी आहे. आपल्या मागून येणाऱ्यांना शिकवून तयार करणे हे तलवारीचे काम नव्हे, शाळेचे काम आहे. संस्था कशासाठी चालवावयाच्या याचे उत्तर मला येथे सापडते.

पण आणखी एक गोष्ट पाहा. ज्यांनी खडकी दोनदा जाळली, त्यांच्याच घराण्यातील औरंगजेब १६५३ साली दख्खनचा सुभेदार म्हणून येथे राहावयास आला आणि त्याने या गावाला आपले नाव दिले. जिंकणाऱ्यांना राहण्यासाठी हरलेल्याचेच गाव योग्य वाटले आणि ते पाणी प्याले तेही त्याच्याच नहरीचे. पुढे औरंगजेबाचीही कबर खुलताबादेतच झाली. आज दोघेही एकाच गावच्या मातीत विसावले आहेत.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काहींचा यंदाचा निकाल चांगला लागला नसेल. गणितात किंवा इंग्रजीत तुम्ही दुसऱ्यांदा राहिला असाल. घरी तोंड दाखवावेसे वाटत नसेल. शाळेत पुन्हा येऊच नये, एखाद्या गॅरेजवर कामाला लागावे असा विचार मनात आला असेल. गेल्या काही वर्षांत अशी मुले शाळेच्या फाटकाबाहेर जाताना मी पाहिली आहेत आणि त्यांतील प्रत्येकाला थांबविणे मला जमले नाही, हे खेदाने नमूद करतो. तुम्हांला एवढेच सांगतो की, नापास होणे ही तुमची रोशनगावची लढाई आहे. कोठे चुकले ते पाहा, सोबत कोण राहिले ते पाहा आणि मग भातवडीची तयारी करा.

आणि पालकहो, निकालाच्या दिवशी मुलाला घराबाहेर काढण्यापूर्वी किंवा शेजारच्या मुलाचे गुण त्याला ऐकविण्यापूर्वी एवढे आठवावे की, नांदेडच्या मैदानात जखमी पडलेल्या अंबरला त्याच्या माणसांनी उचलून नेले होते. त्या दिवशी त्यांनी त्याला तेथेच टाकले असते, तर खडकीही झाली नसती आणि नहरही झाली नसती. आपल्या मुलाला उचलून आणणारी माणसे आपणच आहोत.

भडकल दरवाजाखाली उभ्या असलेल्या त्या दोन मुलांचा वाद मी शेवटपर्यंत मिटविला नाही. परत येताना अली श्रेष्ठ असे म्हणणारा गप्प होता. दुसऱ्याने मात्र विचारले की, गाव जळाल्यावर अंबरने पहिल्यांदा काय बांधले? मला त्याचे नेमके उत्तर देता आले नाही. पण त्याने योग्य प्रश्न विचारला याचा आनंद मला आजही आहे.